एकशे पंचवीस अक्षरं

एडिनबरो. जानेवारीत दुपारी चारलाच दिवे लागतात.
प्रयोगशाळेला ओल्या कणकेचा वास,
थोडा शिळ्या बिअरचा,
आणि रॉरीने मायक्रोवेव्हमध्ये उतू घालवलेल्या अगारचा.

मी बश्या मोजते.
बशीत यीस्टच्या वसाहती, मोहरीएवढ्या, गुलाबी.
एखादीत लाल फाक, कलिंगड कापल्यासारखी.
तिथे काही पिढ्यांपूर्वी एका पेशीने
लेकीच्या वाट्याचं गुणसूत्र लेकीला दिलं नाही.
त्या लेकीचा सगळा वंश म्हणजे ती फाक.

बाविसाव्या बशीत लालच लाल.
दोष माझा. उन्हाळ्यात मी एक अक्षर बदललं,
एकशे पंचवीसपैकी एक.
यीस्टच्या गुणसूत्राला धरायची जागा एवढीच:
मधली ऐंशीएक अक्षरं बहुतेक ए आणि टी, टी आणि ए,
बाळाच्या बोबड्या बोलांसारखी,
आणि शेवटाकडे एक तिकडी, सी सी जी,
जिच्या मधल्या सीला हात लावायचा नसतो.
मी लावला. मला पगार त्याचाच मिळतो.

माणसात ही जागा ऐसपैस, लाखो अक्षरांची,
आणि धरायला दोऱ्याही पुष्कळ.
यीस्टकडे एका गुणसूत्राला एक मूठ, एका मुठीला एक दोरी.
सुटली की सुटली.

गुणसूत्र दुप्पट झालं की
त्याच्या दोन प्रतींना आम्ही बहिणी म्हणतो.
एक कडं दोघींना एकत्र धरून ठेवतं.
एकीला या टोकाची दोरी हवी, दुसरीला त्या टोकाची.
पण पेशीला डोळे नाहीत.
दोघी एकाच बाजूला तर बांधल्या गेल्या नाहीत ना,
हे तिला कळावं कसं?

ती ओढून बघते.
ताण आला तर खरं.
सैल लागलं, तर एक प्रथिन येऊन गाठ सोडवतं,
नीट बसलेली, घट्ट दिसणारी गाठसुद्धा.
पुन्हा बांध. पुन्हा ओढ.
सोळांतली एक जोडी सैल असेल
तर पंधरा जोड्या ताणून उभ्या राहतात, तिच्यासाठी.

मॉरवेनची मेल नऊ दिवस पडून आहे.
आईचं लुईस बेटावरचं घर, मागची पत्र्याची शेड,
शेडमधला माग,
आणि मागावर अर्ध्यात राहिलेलं कापड,
हेरिंगच्या पाठीच्या रंगाचं.
ती लिहिते: विकून टाकू या. इशबेल, तुझी हरकत नसेलच.

नसायचीच, आजवर.
आई म्हणेल ते, मॉरवेन म्हणेल ते.
दोघी बहिणी एकाच खुंटीला.
लोक म्हणायचे, किती पटतं तुमचं.

पावणेसहाला मी हातमोजे काढले, फोन लावला.
तिच्याकडे वारा होता. तिथे नेहमीच असतो.
म्हटलं, माग विकायचा नाही.
बराच वेळ नुसता वारा.
मग: तुला विणता तरी येतं का?
नाही, मी म्हटलं. तरी.

मग आम्ही भांडलो, चांगली चाळीस मिनिटं.
तुटक्या पेडलच्या सायकलीपर्यंत मागे गेलो,
दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यापर्यंत पुढे आलो,
तिथे थांबलो.
ती रडली की नाकाने शीळ वाजते,
हे मी विसरले होते.
बहुतेक पहिल्यांदाच मला कळलं
तिचं टोक नेमकं कुठे आहे.

रॉरी दारात येऊन, पाहून, परत गेला.

कडं कापणारी कातर नंतर येते.
सगळ्या दोऱ्या ताणल्या गेल्याशिवाय
ती हलत नाही, आणि मग एका क्षणात.
शेडचं काय करायचं, ते ईस्टरला ठरवू.

तेविसावी बशी, न बदललेल्या अक्षरांची.
सगळ्या वसाहती गुलाबी.
एकीत लाल रेघ, केसाएवढी.
भिंग लावून पुन्हा पाहिली. आहे.
वहीत लिहिली: एक.